एक आणि वर थोडं

तुबुलच्या खडकांवर मी पट्टी लावून बसलो होतो.
मेलेल्या शेवाळाचा एक पांढरा पट्टा असतो,
काल-परवापर्यंत पाण्यात जगणारा,
आता भरतीच्याही वर, उन्हात,
चुना फासल्यासारखा.
त्यावरून कळतं, जमीन किती उचलली गेली.
एकशे एकेचाळीस सेंटिमीटर, मी वहीत लिहिलं,
आणि मागून एदुविना ओयार्सो म्हणाली,
"माझ्या खांद्यापर्यंत. पट्टी कशाला हवी?"

ती नदीच्या मुखाशी पेयियो काढायची.
केसांसारखं शेवाळ, काळसर तांबूस.
कमरेएवढ्या पाण्यात वाकून, मुठीमुठीनं,
तेवीस वर्षं. त्याआधी तिची आई.
ते वाळून, गोणीत भरून, परदेशी जातं,
त्याचं अगार होतं, जेलीत थरथरतं,
प्रयोगशाळेच्या काचबश्यांत गोठून बसतं.
वाल्दिव्हियाला आमच्या विद्यापीठातही असणारच.
कुठून येतं, मी कधी विचारलं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या त्या पहाटे, तीन चौतीसला,
चंद्र पुरता भरायला एक रात्र बाकी होती,
म्हणून टेकडीची पायवाट तरी दिसली.
खाली समुद्र आला, घरं घेऊन गेला,
काहीतरी विसरल्यासारखा पुन्हा आला.
उजाडलं तेव्हा नदी होती
आणि नदीत पाणी नव्हतं.
पेयियो चिखलावर पसरलेलं,
न्हाव्याच्या खुर्चीखाली पडतं तसं.

तंबूतल्या रेडिओवर तिनं ऐकलं होतं
की दिवस लहान झालाय.
"किती?"
मी शिकलेला. मी सांगितलं:
सेकंदाचे दहा लाख तुकडे करायचे,
त्यातला एक, आणि वर थोडं.
"म्हणजे पापणी लवते एवढं?"
पापणीत असे लाखभर मावतात.
शिवाय हे कुणी मोजलेलं नाही, गणितानं काढलंय;
वारासुद्धा दिवसाला याहून जास्त मागेपुढे करतो.
"मग सांगता कशाला?" असं ती म्हणाली नाही.
म्हणायला हवं होतं.

कसं झालं ते दाखवायला तिच्या भाचीला बोलावलं.
यानिरा, हात पसर. घे गिरकी.
आता हात छातीशी, घट्ट.
पोर भिंगरी झाली,
पायातली चप्पल सुटून शेजारच्या तंबूवर आदळली,
आतून डॉन सेगुंदोनं आईवरून शिवी दिली.
"म्हणजे पृथ्वीनं हात जवळ घेतले," एदुविना म्हणाली.
थोडेसे.
"आणि आम्हाला मात्र वर उचललं."
याला माझ्याकडे उत्तर होतं.
बेरीज अख्ख्या ग्रहाची असते, एका गावाची नसते.
ते मी गिळलं.

"कुणाच्या वाट्यातून कापलं मग?
सान्तियागोवाल्यांच्याही? जेली खाणाऱ्यांच्याही?"
सगळ्यांच्या. अगदी सारखं.
ती बराच वेळ किटली ढवळत राहिली,
किटली ढवळायची नसते तरी.
"चला, एक गोष्ट तरी सारखी वाटली गेली."

रात्री टॉर्चच्या उजेडात मी पुढचा हिशेब मांडला.
चंद्र भरती ओढतो, भरती पृथ्वीला घासत राहते,
दिवस रेंगाळत लांबत जातो,
शतकाला दोनेक हजार असे तुकडे.
म्हणजे आपलं हे एक आणि वर थोडं
त्यानं महिना व्हायच्या आत भरून दिलं होतं,
गाजावाजा न करता,
मी इथे पोचायच्याही आधी.

सकाळी सांगायला धावलो.
ती खडकांत बसली होती, जिथे पूर्वी तिची कंबर बुडायची,
भेगा बोटांनी चाचपत,
एखादा ओला धागा लागतो का बघत.
मी सगळं सांगितलं, चंद्राचं, फेडीचं.
मान वर न करता तिनं विचारलं,
"आणि एकशे एकेचाळीस?"

मी पट्टी गुंडाळली.
भरती येत होती.
माझ्या बुटांपर्यंत आली
आणि तिथेच थांबली.